‘अठ्ठ्याहत्तर’चा पाठभेद

पाचगणीच्या पावसाळ्यात धुके उघड्या खिडकीतून सरळ घरात येते आणि जाताना आपली खूण मागे ठेवून जाते. पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर, चामड्याच्या पट्ट्यांवर, पेटीच्या भात्यावर पांढुरकी बुरशी धरते. येथील एका निवासी शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी वडिलांची लाकडी पेटी अनेक वर्षांनी उघडली, तेव्हा आतील ध्वनिमुद्रिकांवरही तीच बुरशी होती. शंभरेक तबकड्या असतील. बहुतेक लाखेच्या, अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या; काही पुढच्या काळातल्या लाँग प्लेइंग; पाच-सात पंचेचाळीसच्या. कुणीतरी त्यांना स्पिरिटने पुसण्याचा सल्ला दिला होता. सुदैवाने त्यांनी तो ऐकला नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे सुताराला ठाऊक असते. संग्राहकाला ते बहुधा एक तबकडी गमावल्यावर कळते.

तबकड्या स्वच्छ झाल्या, पण त्या वाजवायच्या कशावर? जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडे दोन टर्नटेबले होती, किमतीही जवळजवळ सारख्याच. एक इंग्लंडचे गॅरार्ड ३०१, दुसरे स्वित्झर्लंडचे थोरेन्स टीडी १२४. दोन्ही घेणे परवडणारे नव्हते. स्नेह्यांनी निर्णय आमच्यावर सोपवला. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. मोटारी आणि पुल्या हा आमचा विषय नव्हे. तरीही या निवडीने आम्हांला दोन-तीन महिने गुंतवून ठेवले आणि अखेरीस आमच्याच विषयाच्या दाराशी आणून सोडले. त्याची ही हकिकत.

आधी या दोन यंत्रांविषयी. गॅरार्ड हे नाव मूळचे लंडनच्या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांचे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, तोफखान्याला अंतर मोजण्याची सूक्ष्म उपकरणे हवी होती. त्यासाठी या पेढीने स्वतंत्र कारखाना काढला. युद्ध संपल्यावर त्याच कसबाने ग्रामोफोनच्या चावीच्या मोटारी बनू लागल्या. स्विंडन येथील या कारखान्याने १९५४ साली ३०१ बाजारात आणले. ते मुख्यतः नभोवाणी केंद्रांसाठी आणि चोखंदळ श्रोत्यांसाठी होते; बीबीसीने ते मोठ्या प्रमाणावर वापरले. थोरेन्सचा उगम याहून जुना. १८८३ साली सेंत-क्र्वा या स्विस गावात हे घराणे चावीच्या वाद्यपेटिका बनवू लागले, पुढे फोनोग्राफांकडे वळले आणि १९५७ साली त्यांनी टीडी १२४ काढले. एक तोफखान्याच्या कुळातले, दुसरे खेळण्यातल्या संगीताच्या कुळातले. हा योगायोग आम्हां दोघांनाही आवडला आणि आमच्यातला मतभेदही तेथूनच सुरू झाला.

गॅरार्डची रचना रांगडी आणि सरळ आहे. मोटारीच्या आसावर पायऱ्यापायऱ्यांची पुली, तिला टेकलेले रबरी चाक आणि त्या चाकाने आतल्या कडेवरून ढकललेले जड तबक. मोटारीचे बळ थेट तबकाला मिळते; त्याबरोबर तिची थरथरही थोडी पोचते. थोरेन्समध्ये मोटार आणि रबरी चाक यांच्यामध्ये एक पट्टा घातला आहे, म्हणजे थरथर तेथेच बरीचशी विरावी. त्याचे तबक दुपदरी आहे. खालचे जड, वरचे हलके. खटका दाबला की वरचे उचलले जाते आणि खालचे फिरत असतानाच तबकडी थांबते. यंत्रातच पाणसळ बसवलेली आहे आणि समतोल साधण्यासाठी बोटांनी फिरवायची चाके आहेत. डोंगरउतारावरच्या जुन्या घरात, जिथे फरशीवर ठेवलेली गोटी आपोआप दाराकडे जाते, तिथे ही सोय लहान नव्हे.

एवढ्यावरच निवड करायची असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. अडचण निर्माण झाली ती ‘अठ्ठ्याहत्तर’ या आकड्याने.

आपण सहज म्हणतो, जुनी रेकॉर्ड म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची. प्रत्यक्षात हा आकडा बराच उशिरा स्थिर झाला. विजेवर फिरणाऱ्या मोटारी आल्यावर मिनिटाला ३६०० फेऱ्या घेणाऱ्या मोटारीला ४६ दात्यांच्या प्रमाणाची जोड दिली की ७८.२६ मिळत, पन्नास आवर्तनांच्या विजेवर, म्हणजे आपल्याकडे, गती तपासण्याच्या चकतीवर ७७ पट्टे आखले की ७७.९२ मिळत. ‘अठ्ठ्याहत्तर’ हे या दोहोंचे बोली नाव. त्याआधीच्या काळात यंत्राची चावी, तिचा नियंत्रक आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाची सवय यांवर सारे अवलंबून असे. फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जानचा आवाज टिपत होता, तेव्हा गाणे थेट कर्ण्यात गायले जाई, मेणाच्या तबकावर कोरले जाई, आणि ते तबक जर्मनीतील हॅनोवरला जाऊन तेथे तबकड्या छापल्या जात. पहिल्या वीस-पंचवीस वर्षांतील मुद्रिका सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कोणत्याही गतीने कोरलेल्या सापडतात. अनेकदा तबकडीवरच्या कागदावर गतीचा उल्लेख नसतो. असला तरी तो खरा असेलच असे नाही.

याचा परिणाम काय होतो, ते थोडे हिशेबाने पाहिले पाहिजे. गती सुमारे सहा टक्क्यांनी वाढली की सारे गाणे पेटीवरच्या एका पट्टीने वर चढते. मूळ मुद्रण ७४ फेऱ्यांनी झाले असेल आणि आपण ते ७८ ला वाजवले, तर पांढरी दोनमध्ये गायलेले गाणे जवळजवळ काळी दोनला पोचते. लय चढते, तान चपळ होते, आवाजाची जाडी कमी होते. तीन मिनिटांच्या तबकडीतून दहा सेकंद नाहीसे होतात आणि गायक होता त्यापेक्षा तरुण आणि किंचित घाईत वाटतो.

मराठी वाचकाला हा प्रश्न केवळ तांत्रिक वाटू नये. सांगली जिल्ह्यातील नागठाण्याचे नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि बालगंधर्व म्हणून स्त्रीभूमिकांत उभे राहिले. पुरुषाच्या कंठातून उमटणाऱ्या त्या नायिकेच्या स्वराविषयी आपल्या नाट्यसमीक्षेने पानेच्या पाने लिहिली आहेत. ‘स्त्रैण’, ‘मुलायम’, ‘आर्जवी’ ही विशेषणे आम्हीही वर्गात उच्चारली आहेत. पण आमच्या पिढीने त्यांना रंगमंचावर ऐकलेले नाही. आमचा पुरावा म्हणजे तबकड्या, आणि बहुधा तबकड्याही नव्हे, तर कुणीतरी कधीतरी कोणत्यातरी यंत्रावर वाजवून केलेल्या त्यांच्या नकला. त्या यंत्राची गती दोन-तीन फेऱ्यांनी अधिक असेल तर आवाजातले स्त्रीत्व वाढते, कमी असेल तर घटते. म्हणजे ज्या गुणावर एका कलावंताचे ऐतिहासिक स्थान आपण ठरवले, त्यातला काही अंश नक्कल करणाऱ्याच्या टर्नटेबलचा असू शकतो. किती अंश? ते तबकडीगणिक पाहावे लागेल. आम्ही दोघेही आजवर न पाहताच शिकवत आलो, हे कबूल केले पाहिजे.

स्नेह्यांच्या पेटीत बालगंधर्वांच्या तबकड्या आठ होत्या. पण त्यांच्या वडिलांचा जीव खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यावर अधिक असावा. १९३० च्या दशकातील ओडियनच्या मुद्रिका, झिंझोटी आणि भैरवीच्या त्या प्रसिद्ध ठुमऱ्यांसह, जाड खाकी पाकिटांत नीट लावून ठेवलेल्या होत्या. येथे गोष्ट आणखी जवळची होते. मूळचे कैरान्याचे खाँसाहेब मिरजेत स्थिरावले. १९३७ च्या ऑक्टोबरात दक्षिणेच्या प्रवासात त्यांचा अंत झाला आणि मिरजेतच ते विसावले. ज्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा होती तेथील उरुसात आजही गायक हजेरी लावतात. (पाचगणीला येणारे पाहुणे सेंट पीटर्स शाळेच्या फाटकाशी थांबून फारोख बलसाराविषयी विचारतात. १९५० च्या दशकात तो तेथे शिकला, ‘द हेक्टिक्स’ नावाच्या मुलांच्या वाद्यवृंदात पियानो वाजवू लागला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. चौकशी योग्यच आहे. घाट उतरून कऱ्हाडावरून मिरजेला जाण्याचा रस्ता मात्र कुणी विचारत नाही.)

आणि याच दोन जिल्ह्यांत, खाँसाहेबांच्या उमेदीच्या काळात, स्वर मोजण्याचा एक विलक्षण खटाटोप चालला होता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपली इंग्रजी पुस्तिका १९१० साली प्रसिद्ध केली. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश ई. क्लेमंट्स त्यांच्या विचाराने भारले गेले आणि १९१३ साली त्यांनी भारतीय संगीताच्या अभ्यासाची ओळख करून देणारा ग्रंथ लिहिला. श्रुतींना धरून सूर लावलेली एक पेटी इंग्लंडात बनवून घेण्यात आली. तारेच्या लांबीवरून स्वराचे गणित मांडायचे आणि ते खरे की खोटे हे गायकाच्या गळ्यावर पडताळायचे, अशी ही पद्धत होती. तो गळा खाँसाहेबांचा होता. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या साऱ्याची परीक्षा झाली; भातखंडे यांच्यासारख्या जाणकारांना ते पटले नाही आणि श्रुतिपेटी मागे पडली. वाद कोणी जिंकला, हा आमचा विषय नाही. साताऱ्याचा न्यायाधीश आणि सांगलीचा कलेक्टर सुराच्या सूक्ष्म अंतरासाठी भांडत होते आणि त्याच गायकाचा आवाज, १९०५ च्या सुमारासच्या मुद्रणांपासून, कोणत्या गतीने फिरवावा याची नोंद नसलेल्या तबकड्यांवर देशभर विकला जात होता, ही विसंगती आम्हांला अस्वस्थ करते.

या दोन गोष्टींना जोडणारा एक आकडा आम्हांला कागदावर हिशेब करताना सापडला. श्रुतिशास्त्रात प्रमाणश्रुतीचे गुणोत्तर ८१ ला ८० असे मांडतात, म्हणजे सव्वा टक्का. अठ्ठ्याहत्तरमध्ये एक फेरी म्हणजेही जवळजवळ सव्वा टक्काच. मिनिटाला एक फेरी अधिक किंवा उणी झाली की तबकडीवरचा षड्ज एका प्रमाणश्रुतीने सरकतो.

येथे एक घाईचा निष्कर्ष टाळला पाहिजे आणि तो आमच्यातल्या एकाने काढलाही होता. गती बदलली म्हणून रागातल्या श्रुती बिघडत नाहीत. षड्ज सरकतो तेव्हा गांधार, निषाद सारेच त्याच प्रमाणात सरकतात. त्यांच्यातली परस्पर अंतरे जशीच्या तशी राहतात. चुकीची परंतु एकसारखी गती पट्टी, लय आणि आवाजाचा पोत बिघडवते, राग बिघडवत नाही. राग बिघडवते ती अस्थिर गती. चावी उतरत आली, तबकडीचे भोक मध्यावर नसले, रबरी चाकाला खळगा पडला, की तोच गांधार दर फेरीला वर-खाली होतो. तेव्हा टर्नटेबलकडून मागायच्या गोष्टी दोन आहेत: त्याने गती राखावी आणि त्याने गती बदलू द्यावी. बाजारातली पुष्कळशी उत्तम यंत्रे पहिली गोष्ट फार चोख करतात आणि दुसरी जवळजवळ नाकारतात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून निघालेल्या अनेक नामवंत यंत्रांत तर ७८ हा वेगच नाही. आणि त्याच दशकात आपल्या देशात बीटल्सची गाणीसुद्धा अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांवर छापली जात होती.

आमच्या समोरची दोन्ही यंत्रे या कसोटीला उतरत होती. दोहोंत ७८ आहे, दोहोंत गती किंचित कमीजास्त करण्याचे बटण आहे. गॅरार्डमध्ये सुमारे अडीच टक्के, थोरेन्समध्ये तीन. म्हणजे ७६ च्या आतबाहेर ते ८० पर्यंतचा पल्ला. सत्तरला कोरलेल्या तबकडीपर्यंत दोन्ही पोचत नाहीत. त्यासाठी विजेची आवर्तने बदलून देणारे वेगळे उपकरण जोडावे लागते किंवा नक्कल करून मग संगणकावर गती दुरुस्त करावी लागते.

या टप्प्यावर आमच्या लक्षात आले की हे काम आम्ही ओळखतो. याला आम्ही वर्गात पाठचिकित्सा म्हणतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अशुद्धे शिरली म्हणून शके १५०६ मध्ये एकनाथांनी पाठ शोधून प्रत सिद्ध केली; वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली वेगळीच प्रत जुनी म्हणून पुढे आणली आणि पाठांचा वाद पुन्हा पेटला. कोणता शब्द मूळचा हे ठरवताना आपण छंद पाहतो, व्याकरण पाहतो, अन्य प्रती पाहतो. तबकडीबाबतही अंतर्गत पुरावे असतात. साथीला पेटी किंवा ऑर्गन असेल आणि त्याचा सूर कोणत्याच पट्टीवर न बसता मधेच लोंबकळत असेल, तर गतीविषयी संशय घ्यावा. बालगंधर्वांच्या गाण्यामागचा ऑर्गन या कामी मोठा साक्षीदार आहे. अर्थात प्रत्येक ऑर्गनचा मूळ सूर सारखा नसतो, म्हणून साक्ष तपासूनच घ्यावी. सुरुवातीच्या काळात जर्मनीतल्या कारागिरांना तबकडी ओळखता यावी म्हणून गायक शेवटी आपले नाव बोलून दाखवीत. गाताना आवाज कितीही बदलो, बोलताना माणूस लवकर उघडा पडतो. ते चार शब्द अनेकदा सगळ्या गाण्यापेक्षा अधिक सांगून जातात.

मग यंत्र निवडायचे ते हे संपादन करू देणारे. आमच्यातला एक अखेरपर्यंत गॅरार्डच्या बाजूने होता. त्याचे म्हणणे, लाखेच्या जाड खाचेला जड सुई लागते, ती सुई तबकाला ओढते, आणि या ओढीला न जुमानणारी मोटार गॅरार्डची. यात तथ्य आहे. ३०१ वर तबकडी फिरताना पाहिली की यंत्र दमलेले कधीच वाटत नाही. शिवाय एक आक्षेप थोरेन्सच्या विरुद्ध जात होता. त्याचे खालचे तबक लोखंडी आहे आणि चुंबकाच्या काही प्रकारच्या कार्ट्रिजना ते खाली ओढते. पण अठ्ठ्याहत्तरसाठी लागणारी साधी, रुंद टोकाची कार्ट्रिज वापरायची तर हा आक्षेप फारसा टिकत नाही. दुसऱ्याने थोरेन्सची बाजू एका लहानशा खिडकीवर उभी केली. यंत्राच्या अंगातच ही खिडकी आहे. तबकाच्या खालच्या बाजूला कोरलेले पट्टे निऑनच्या दिव्यात आरशातून तेथे दिसतात. पट्टे स्थिर, तर गती बरोबर. पुढे सरकले तर जास्त. मागे सरकले तर कमी. शेजारीच गतीचे बटण. गाणे चालू असताना हात बटणावर, डोळा खिडकीवर आणि कान गाण्यावर ठेवता येतो. गॅरार्डवर हीच तपासणी करायची तर पट्टे आखलेले तबक असावे लागते. आमच्या समोरच्या यंत्राला ते नव्हते.

स्नेह्यांनी थोरेन्स घेतले. पहिल्या संध्याकाळी मात्र आम्ही सारेच चाट पडलो. खाँसाहेबांची तबकडी लावली आणि कुणी भलताच खर्जातला, मंद, जडावलेला गायक गाऊ लागला. बटण शेवटापर्यंत फिरवले तरी फरक नाही. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. व्यापाऱ्याने हे यंत्र अमेरिकेहून आलेल्या सामानातून घेतले होते. मोटारीवरची पुली साठ आवर्तनांच्या विजेसाठी होती. आपल्या पन्नासवर ती अठ्ठ्याहत्तरऐवजी पासष्टच फेऱ्या देत होती. तीन पट्ट्या खाली! काळी एकचे गाणे खालच्या काळी पाचला. योग्य पुली येईपर्यंत तीन आठवडे गेले. तेवढ्यात गॅरार्डवाला पक्ष जे बोलायचे ते बोलून घेत होता.

पुली बसल्यावरची संध्याकाळ. बाहेर धुके होते. स्नेह्यांच्या घरात मिरजेचा एक तानपुरा आहे. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण हा त्याच्या कितीतरी आधीचा, भोपळ्याला एकदा चीर जाऊन सांधलेला. तो त्यांनी मांडीवर घेतला. तबकडी लावली. खिडकीतले पट्टे स्थिर झाले, म्हणजे गती अठ्ठ्याहत्तर. साथीच्या पेटीचा सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी लागत होता. त्यांनी तारा त्या सुराला मिळवल्या नाहीत. आधी घरातल्या पेटीवरून तानपुरा एका पट्टीत लावला, मग आमच्याकडे पाहून बटणाकडे मान हलवली. आम्ही बटण सावकाश मागे घेतले. पट्टे ढळले, मागे सरकू लागले. एका क्षणी तबकडीतली पेटी आणि मांडीवरचा तानपुरा एकमेकांत मिसळले आणि खाँसाहेबांचा आवाज किंचित खाली, किंचित भरीव, सावकाश होऊन आमच्यामध्ये आला. आमच्यातला एक म्हणाला, हाच. दुसरा म्हणाला, त्या काळची पेटी आजच्या पेटीच्या सुराची होती, हे कशावरून?

त्यावर बराच वेळ वाद झाला. तबकडी पुन्हा दोनदा लावली, एकदा पट्टे स्थिर ठेवून, एकदा सरकते ठेवून. अखेर स्नेह्यांनी तिच्या खाकी पाकिटाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने ‘७६’ लिहिले, पुढे प्रश्नचिन्ह काढले, त्याखाली तारीख घातली आणि पेटीतली पुढची तबकडी काढली.